शिवणीवरून झाडं नेणारी जोसेट

शिवणीवर जोसेटची बर्फावरची गाडी बंद पडली तर काय, हा विचार संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. भांडी घासून झाली, चुलीत दोन जाड ओंडके सरकवले, कुत्र्याला आत घेतलं, अंथरुणावर पडूनही पाहिलं. विचार जागचा हलला नाही. म्हणून उठून लिहायला बसले आहे. लिहिताना निदान हात तरी कामात राहतात.

शिवण म्हणजे आमचं बेट आणि पलीकडचा किनारा यांच्या मधोमधची पट्टी. सरोवराचे दोन प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात. दोन्ही बाजूंचा बर्फ हातभर जाड झाला तरी शिवणीवर तो कधी वीतभर असतो, कधी चार बोटं, आणि एका रात्रीत बदलतो. तिथे थांबायचं नाही, हे बेटावरच्या मुलांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. गाडी पळत राहिली तर बर्फ तिला तोलून धरतो. थांबली की खालचं पाणी वर यायला लागतं.

आणि उद्या उजाडायच्या आत माझी मुलगी जोसेट नाताळची झाडं लादून त्या शिवणीवरून जाणार आहे.

जानेवारीत पाणी गोठलं की बोट बंद होते. मग बर्फावरची वाट खुली होईपर्यंत आमचा सगळा भरवसा त्या एका छोट्या विमानावर, आणि त्याचा भरवसा वाऱ्यावर. नाताळ झाला की प्रत्येक घर आपलं झाड चर्चच्या भिंतीशी आणून टाकतं. वाट आखणारा माणूस आधी पहारीने बर्फ तपासतो, मग ती झाडं बर्फात भोकं पाडून एकामागे एक उभी करतो. वादळात काही दिसेनासं झालं की माणसं एका झाडावरून पुढचं झाड शोधत घरी येतात. गेली सहा वर्षं हे काम जोसेटकडे आहे.

तशी ती जन्मली तीच या बर्फाच्या भरवशावर. त्या मार्चमध्ये दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. बेटावर दवाखाना नाही. नर्स होती, ती पलीकडे अडकलेली. वाऱ्यामुळे विमान येणं शक्य नव्हतं. मधे चार दिवस हवा उबदार झाल्याने वाटही बंद केलेली, आणि ऑरव्हिल पेल्टिये, तेव्हाचे वाट आखणारे, सकाळी ती पुन्हा तपासायला निघणार होते. माझ्या नवऱ्याने, फेलिक्सने, त्यांना फोन केला नाही. वाट आखणाऱ्याला आदल्या रात्री कुणी फोन करत नाही, ही आमच्याकडची रीत आहे. कुणाला औषध हवं असतं, कुणाला पलीकडच्या लग्नाला जायचं असतं, कुणाची आई तिकडच्या इस्पितळात असते. प्रत्येकाचा फोन वाजायला लागला तर तो माणूस बर्फाचं ऐकणार की गावाचं? म्हणून घाई करायला फोन नाही आणि अडवायलाही नाही. बर्फ त्याने बघायचा आणि त्यानेच ठरवायचं.

तर फेलिक्स त्यांच्या अंगणात जाऊन नुसता उभा राहिला. पहाटे ऑरव्हिल लाकडं घ्यायला बाहेर आले, तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ धरला होता.

“इथे पुतळा होऊन काय उभा राहिलायस? बायको कुठाय?” असं म्हणून ते टोपी आणायला आत वळले.

घोड्यांच्या पांघरुणांत गुंडाळून मला घसरगाडीवर झोपवलं. शिवणीवर मी थांबा, थांबा म्हणून ओरडत होते. ऑरव्हिलनी मागे वळूनही पाहिलं नाही. दुपारी पलीकडे जोसेट झाली. सगळ्यात लहान प्रवासी आपण तिकीट न घेता नेला, असं ते अजून सांगत फिरतात.

तिला पहार पेलायला लागली तशी ऑरव्हिल काकांनी तिला बर्फावर न्यायला सुरुवात केली. पहारीचा आवाज कसा ऐकायचा, राखाडी बर्फ आणि काळा बर्फ यांतला कुठला बरा, भेग ओली दिसली तर काय समजायचं. घरी येऊन ती माझ्या स्वयंपाकघराची फरशी ठोकून बघायची. इथे पाण्याचा आवाज येतोय आई, म्हणायची. एकदा खरंच नळी फुटलेली निघाली.

पुढे पलीकडे इंजिनांचं शिक्षण घेतलं, होड्यांच्या कारखान्यात नोकरी केली. वेंडेल नावाच्या मुलाशी लग्न ठरत आलं होतं. त्याला दक्षिणेकडे वाळवंटात जाऊन राहायचं होतं. ही बघून आली आणि म्हणाली की तिथे बर्फ फक्त ग्लासात असतो. त्यानंतर वेंडेलचं नाव निघालं नाही. अवजारांची पेटी घेऊन ती परत आली, जुन्या धक्क्याजवळचं छोटं घर घेतलं, आणि आता उन्हाळ्यात होड्यांची इंजिनं आणि हिवाळ्यात बर्फावर रबरी पट्ट्याने पळणाऱ्या स्नोमोबील गाड्या दुरुस्त करते. फार बोलत नाही. काम करताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणते. फेलिक्सही तसंच करायचा. तो गेला तेव्हा तिने रडायच्या आधी त्याची गाडी धुऊन पुसून ठेवली.

ऑरव्हिलचे गुडघे गेले तेव्हा कसला समारंभ झाला नाही. एका सकाळी त्यांची पहार जोसेटच्या व्हरांड्यात ठेवलेली दिसली, एवढंच. या कामाचे कुणी पैसे देत नाही आणि घेत नाही. लोक वाट आखणाऱ्याच्या व्हरांड्यात काहीबाही ठेवून जातात. धुरावलेला मासा, मटणाची कचोरी, लोकरीचे मोजे, पेट्रोलचा डबा. ठेवलेलं परत करायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, त्याच हिवाळ्यात वापरायचं. परत केलं तर त्याचा अर्थ होतो, तुमच्या घरासाठी मी बर्फावर जाणार नाही. दुकानवाल्या डेल्फीनने एकदा गोंडा लावलेली भगभगीत नारिंगी टोपी विणून ठेवली. जोसेटने ती एप्रिलपर्यंत डोक्यावर मिरवली. निदान बुडाले तर सापडेन तरी, म्हणायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात भुसभुशीत बर्फ पडलाच नाही. वाऱ्याने सरोवर ताटासारखं घासून ठेवलं होतं आणि तिची गाडी त्यावर भोवऱ्यासारखी फिरायची. म्हणून या नोव्हेंबरात तिने गाडीच्या रबरी पट्ट्याला टोकदार खिळे बसवायचं ठरवलं. ते आले की त्यांच्याबरोबर प्रोटेक्टर येतात. पट्टा सीटखालच्या पत्र्याच्या बोगद्यातून फिरतो आणि त्याच बोगद्याच्या छताला चपटे कूलर असतात. इंजिनचं गरम पाणी त्यांतून जाऊन थंड होऊन परत येतं. खड्ड्यात गाडी आदळली आणि पट्टा वर उसळला, की खिळ्यांची टोकं थेट कूलर फाडतात. प्रोटेक्टर म्हणजे बोगद्याच्या छताला लांबीने ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या कूलरपेक्षा थोड्या खाली येतात, म्हणजे मार बसला तर त्यांना बसावा.

हे काम माझ्या शेडमध्ये झालं, कारण तिथे शेगडी आहे. जुन्या गोधडीवर गाडी कुशीवर पाडली, खालचा सांगाडा आणि पट्टा बाहेर काढला, बोगदा आतून घासून कोरडा केला. मग सीट काढली, आणि पेट्रोलची टाकीही. टाकी कशाला, एवढं काम कशाला वाढवतेस, असं मीच विचारलं.

“वर पेट्रोल आणि खालून माझं ड्रिल. हे ऐकून तुला आज झोप लागेल का?”

ड्रिलच्या पात्यावर तिने लाकडाचा ठोकळा असा चढवला होता की टोक पत्र्यापुरतंच बाहेर राहावं. प्रत्येक भोकाआधी वर हात घालून चाचपायची, तिथे तार नाही ना, नळी नाही ना. प्रोटेक्टर पत्र्याला जखडणाऱ्या रिव्हेटची चपटी डोकी रबरी पट्ट्याच्या बाजूला आणि फुगलेली शेपटं वर, म्हणजे खिळा कशातही अडकायला नको. मी दिवा धरून बसले होते.

“आई, दिवा पत्र्यावर धर.”

“पत्र्यावरच धरलाय.”

“मग मी पत्रा आहे का?”

पट्टा परत चढवून तिने तो हाताने हळूहळू फिरवला. एकेक खिळा प्रोटेक्टरखालून जाताना बघितला. मग मधल्या फटीत बोट धरून मला दाखवलं. “यात माझं नख जातं. बस झालं.” त्या दिवशी मी खरोखर निर्धास्त झोपले.

आणि दोन आठवड्यांपूर्वी काठी टेकत ऑरव्हिल तिच्या घरी गेले आणि व्हरांड्यात तंबाखूचा एक जुना डबा ठेवून आले. आत खिळे. त्यांच्या शेवटच्या गाडीसाठी घेतलेले, कधीच न वापरलेले, तेल लावून जपलेले. यंदाही बर्फ उघडाबोडका आहे, तिला जास्त पकड हवी, असं त्यांच्या मनात आलं. खिळे चांगलेच आहेत. फक्त तिच्या खिळ्यांपेक्षा लांब आहेत.

ती मधल्या ओळीचे खिळे बदलत होती तेव्हा मी तिथेच होते. प्रोटेक्टर तर आधीच्या मापाचे आहेत ना, असं मी विचारलं. तिने मान डोलावली.

“पण बसून उड्या मारून बघितल्या मी. लागत नाहीत.”

“मग त्यांना सांग, नाही बसत म्हणून.”

“ऑरव्हिल काकांना? तू सांगतेस?”

आम्हा दोघींपैकी कुणीच सांगणार नव्हतं. या बेटावर दुसरंही कुणी सांगितलं नसतं. वस्तू व्हरांड्यात ठेवलेली होती. फटीत आता तिचं नख जात होतं की नाही, ते तिने दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिने उड्या मारून पाहिल्या त्या रिकाम्या गाडीवर. काल मात्र चर्चपासून धक्क्यापर्यंत ती झाडं ओढत होती. मागच्या जाळीवर दोरखंड, पहार, बर्फ कापायचं यंत्र, झाडांचा एक भारा, आणि मागे घसरगाडीवर आणखी झाडं. वाटेत गोठलेल्या चाकोऱ्या. गाडीचं ढुंगण पार बसलेलं मी खिडकीतून पाहिलं होतं. धक्क्यावर जागा कमी, म्हणून गाडी वळवताना मागच्या दांड्याला धरून उचलून फिरवावी लागली, असं तिनेच जेवताना सांगितलं. उद्यासाठी गाडी तिथेच ताडपत्री टाकून लादून ठेवली आहे. मासा आणि बटाटे खाल्ले, ओले हातमोजे माझ्या चुलीवरच्या तारेवर टाकले, दुसरी जोडी घालून घरी गेली.

जायच्या आधी मी म्हटलं होतं, मोज्यांना सिरपचा वास येतोय.

“सकाळी डेल्फीनकडे पॅनकेक खाल्ले. तिने बाटली पालथी केली नुसती,” ती बूट घालत म्हणाली. कुत्रा मोज्यांकडे नाक वर करून उभा होता, त्याला मी हाकललं. मलाही पटलं. गोड वास, पॅनकेक, सिरप.

आज संध्याकाळी भांडी घासताना माझ्या मनात आलं की हातमोजे घालून पॅनकेक कोण खातं?

तेव्हापासून ते मोजे तारेवर आहेत आणि मी त्यांच्याकडे बघत नाही. बघितलं की काहीतरी करावं लागेल. आणि काही करायचं म्हटलं की मागचं वर्ष आठवतं. जोसेटला यायला उशीर झाला म्हणून मी दुर्बीण घेऊन धक्क्यावर उभी राहिले, शेवटी ऑरव्हिलना उठवून निम्म्या गावाला बर्फावर पाठवलं. ती पलीकडच्या खाणावळीत अ‍ॅपल पाय खात बसली होती. परत आली तेव्हा दात ओठ खात होती, पण माझ्यावर ओरडली नाही. तेव्हापासून माझं नाव हवामान खातं पडलं आहे. दुकानात शिरले की डेल्फीन विचारते, “काय, आज खात्याचा अंदाज काय?” जोसेटही फोनवर तसंच म्हणते. मी हसते. पण त्यामुळे आता माझ्या भीतीला वजन राहिलेलं नाही, हे मला कळतं. माझी भीती म्हणजे नेहमीचा वारा. तो वाहतच असतो.

शिवाय ती तपासेलही. जोसेट आहे ती. निघण्याआधी तेल बघेल, पेट्रोल बघेल, टोपण उघडून पाण्याची पातळीही बघेल. बहुतेक बघेल. पण अंधार असेल, झाडांच्या दोऱ्या आवळायच्या असतील, बोटं बधिर असतील. थोडंसं पाणी गेलं असेल तर धोक्याचा दिवा लागत नाही, बरंच गेल्यावर लागतो. चीर बारीक असेल तर गाडी उभी असताना गळणारही नाही कदाचित. इंजिन तापलं आणि पाण्याला जोर आला की गळेल. भुसभुशीत बर्फ असता तर पट्ट्याने तो उडवून कूलर गार ठेवले असते. यंदा नुसती काच आहे. बर्फ खरवडून कूलरवर उडवायला तिने तारेचे हूक लावलेत, पण एवढ्या ओझ्याला ते किती पुरणार? धक्क्यावरून निघून, लादलेली गाडी ओढत, इंजिन पुरतं तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात ती शिवणीवर पोचते.

तिच्या गळ्यात दोन दाभणं असतात, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर सरपटायला. त्यांची दोरी मी विणली आहे. अंगात तरंगणारा सूट असतो. हे सगळं मी मनाला सांगून बघितलं. पण प्रवाह माणसाला सरळ वर येऊ देत नाही. तो बाजूला, अखंड बर्फाखाली ओढतो. हे मला तिनेच सांगितलं होतं, लहान असताना, फरशी ठोकता ठोकता.

आत्ता उठून मोजे खाली घेतले.

वास अजून आहे, चुलीच्या उबेने उलट वाढलाय. सिरप वाळलं की चिकट होतं, कडक होतं. हे वाळलेलं नाही. उजव्या मोज्याचा तळवा बोटांत चोळला तर बुळबुळीत लागतो, तेलासारखा. दिव्याखाली धरला. लोकर करडी आहे आणि तळव्यावर, दांडा धरतात बरोबर तिथे, हिरवट डाग आहे. माझ्या शेडमधल्या फळीवर कूलंटचा, म्हणजे इंजिनच्या पाण्यात मिसळतात त्या हिरव्या द्रवाचा, डबा आहे. बाहेर जाऊन त्याचं टोपण उघडून वास घेतला. परत आत येऊन मोज्याचा घेतला.

तोच आहे. मागचा कूलर त्या दांड्याच्या अगदी आत असतो. दिवा मीच धरला होता, मला माहीत आहे.

आधी वाटलं ऑरव्हिलना फोन करावा. त्यांचं ती ऐकेल, आणि मला रीत मोडावी लागणार नाही. पण मग त्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागेल की तुम्ही जपून ठेवलेल्या खिळ्यांनी हे केलं. ते काठी घेऊन या थंडीत स्वतःच धक्क्यावर निघतील. त्यांना उद्या सांगता येईल, किंवा जोसेट तिच्या पद्धतीने सांगेल. सकाळी धक्क्यावर जाऊन तिला गाठावं, तर ती किती वाजता निघते हे ती कुणालाच सांगत नाही. माझ्या घरापासून धक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे मोबाइल लागत नाही. मी पोचेन तेव्हा फक्त झाडांच्या वाळक्या काड्या पडलेल्या असतील.

फेलिक्स त्या रात्री अंगणात उभा राहिला. ऑरव्हिल नंतर त्याला काय म्हणाले होते, ते मी बऱ्याच वर्षांत आठवलं नव्हतं. म्हणाले होते, “घाई करणाऱ्यांसाठी ती रीत आहे. तुझी बायको घाई नव्हती, तुझी बायको बातमी होती.”

जोसेट चिडेल. रात्री फोन वाजला की आधी घाबरेल, मग माझा आवाज ऐकून चिडेल. म्हणेल, झालं, हवामान खातं सुरू झालं. उद्या दुकानात कळलं तर एवढ्या वर्षांत आदल्या रात्री फोन करणारी पहिली बाई म्हणून आणखी एखादं नाव मिळेल. मिळू दे. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. बर्फाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ते तिचं आहे. मोज्यावर काय लागलंय, ते सांगेन, आणि एवढंच सांगेन की निघण्याआधी मोजा काढ, मागच्या बाजूने बोगद्यात हात घाल, कूलरवरून बोटं फिरव, आणि मग त्यांचा वास घे.

दिवा पुसून टेबलावर ठेवला आहे. ती म्हणाली तर तो धरायला मी आत्ता निघेन.

फोन लावते.